बालशोषणावरच्या परिषदेला जावं का, आणि आपली केस तिथे मांडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात एका संस्थेतर्फे तुम्ही पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, केसेसमध्ये सपोर्ट पर्सन (केस चालू असताना मुलाला आणि घरच्यांना साथ देणारी व्यक्ती) म्हणून काम करता. मुंबईत बालशोषणावर दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद भरतेय. फी तुमच्या पगाराला जड आहे, संस्था निम्मी भरते म्हणतेय. त्यात तुमच्या वरिष्ठांनी सुचवलंय की गेल्या वर्षीची ती अवघड केस पेपर म्हणून मांड, संस्थेचंही नाव होईल. तुम्हाला इंग्रजीची धास्ती आहे. शिवाय मुळातच शंका आहे, की हॉलमध्ये दोन दिवस बसून आपल्या मुलांच्या पदरात काय पडणार?

मी बरीच वर्षं मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. अशा परिषदांना मी श्रोता म्हणून गेलेय, बोलायला गेलेय आणि आयोजकांच्या बाजूने जेवणाची कुपनं वाटायलाही उभी राहिलेय. त्यामुळे तुमची शंका मला परकी नाही. पण तुम्ही दोन प्रश्न एकात गुंफलेत, ते आधी सोडवून घेऊ. जावं का, याचं उत्तर परिस्थितीवर आहे. केस मांडावी का, याचं माझ्यापुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. मात्र त्याऐवजी मांडण्यासारखं तुमच्याकडे बरंच काही आहे, त्याकडे मी येतेच.

आधी जाण्याबद्दल. परिषदेची पत्रिका हातात आली की आपण वक्त्यांचे फोटो बघतो. माझं म्हणणं, समोर खुर्च्यांवर कोण बसणार ते आधी विचारा. आयोजकांना सरळ फोन लावा: पोलीस येणार आहेत का, आणि येणार असतील तर उद्घाटनाला येऊन जाणारे वरिष्ठ की ठाण्यात जबाब घेणाऱ्या पीएसआय? बालकल्याण समितीचे सदस्य, सरकारी वकील, कॅज्युअल्टीत बसणारे डॉक्टर येतात का? शाळांचे समुपदेशक, बालगृहांचे अधीक्षक? उत्तर ‘सगळ्या एनजीओ येतात’ असं आलं, तर तुम्ही ज्यांना रोज भेटता त्यांनाच वातानुकूलित हॉलमध्ये भेटणार. तेही वाईट नाही, पण त्यासाठी खिशातून एवढे पैसे घालू नका.

का म्हणते ते सांगते. आपल्या शहरात एका मुलीची केस किती हातांतून जाते बघा. ठाण्यातली महिला अधिकारी, रुग्णालयातले डॉक्टर, बालकल्याण समिती, जबाब नोंदवणारे न्यायदंडाधिकारी, कलिन्याची फॉरेन्सिक लॅब, सरकारी वकील, विशेष न्यायालय, आणि घरी ठेवणं शक्य नसेल तर बालगृह. या सगळ्यांची एकमेकांशी ओळख होते ती कुठल्यातरी केसवरून, घाईत, बहुतेक वेळा भांडणात. डॉक्टर म्हणतात पोलीस उशिरा आणतात. पोलीस म्हणतात रुग्णालयात ताटकळत ठेवतात. आपण दोघांवर वैतागतो, आणि ते दोघं आपल्यावर. मध्ये एखाद्या मुलाची केस आणि डोक्यावर तिची तारीख नसताना ही माणसं एका टेबलाशी बसतात, असं परिषदेखेरीज फारसं कुठे घडत नाही.

एक प्रसंग सांगते. एका कार्यशाळेत जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक पीएसआय मॅडम होत्या आणि त्यांच्यापुढे एका रुग्णालयाचे तरुण डॉक्टर. सकाळच्या सत्रात दोघांनीही ‘समन्वय हवा’ वगैरे म्हटलं होतं. रांगेत मात्र खरं बोलणं निघालं. मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्याकडे मुलीला घेऊन आलं की पहिला प्रश्न, पत्र कुठंय? एफआयआरची कॉपी कुठंय? मूल बाकावर बसून असतं हो.’ डॉक्टर म्हणाले, ‘पत्राशिवाय तपासलं आणि उद्या कोर्टात मलाच विचारलं तर?’ मागे एक वकीलबाई उभ्या होत्या. त्यांनी एका हातात ताट सांभाळत दुसऱ्या हाताने मोबाइलवर पोक्सोचे २०२० चे नियम उघडले आणि सहावा नियम वाचून दाखवला: तातडीची वैद्यकीय मदत देताना डॉक्टरने किंवा रुग्णालयाने कायदेशीर मागणीपत्र किंवा दुसरं कुठलंही कागदपत्र आधी मागायचं नाही. वर कलम २७ दाखवलं, की एफआयआर नोंदलेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. डॉक्टरांनी ते पान स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतलं आणि तिथल्या तिथे, पापड हातात धरून, आपल्या युनिटच्या ग्रुपवर टाकलं.

त्यानंतर त्या रुग्णालयात पत्र मागणं कायमचं थांबलं असा दावा मी करणार नाही. रेसिडेंट बदलत राहतात, नव्याला पुन्हा सांगावं लागतं. पण त्या पीएसआय मॅडमकडे आता एका डॉक्टरचा नंबर होता आणि डॉक्टरांकडे त्यांचा. हीच गोष्ट व्यासपीठावरून कुणी शिकवली असती तर दोघांनीही मान डोलावून सोडून दिली असती.

म्हणून परिषदेत चहा आणि जेवणाच्या सुट्ट्या किती लांब ठेवल्यात तेही बघा. मी गंमत करत नाहीये. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सत्रांवर सत्रं कोंबलेली आणि जेवणाला अर्धा तास, अशी पत्रिका असेल तर आयोजकांना लोकांनी ऐकायला हवंय, बोलायला नकोय.

आता परिषदांचे प्रकार. ही एका जातीची गोष्ट नाही, आणि चुकीच्या ठिकाणी गेलं की माणूस कायमचा कंटाळतो.

डॉक्टरांच्या संघटना भरवतात त्या परिषदांत इजा कशी ओळखायची, अपघात आणि मारहाण यांतला फरक कसा करायचा, तपासणीची नोंद कशी लिहायची, यावर भर असतो. हे वैद्यकातलं जुनं दालन आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या लहान मुलांच्या लक्षणसमूहावर अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात लेख लिहिला, तिथून डॉक्टरांनी या विषयाकडे रोगनिदानाच्या शिस्तीने बघायला सुरुवात केली. त्याच केम्पच्या पुढाकारातून १९७७ मध्ये इस्पकॅन ही बालशोषण रोखण्यासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या परिषदा जगभर फिरतात. आशिया-पॅसिफिक विभागाची एक २०११ मध्ये दिल्लीत झाली, पोक्सो येण्याच्या आदल्या वर्षी. अशा ठिकाणी डॉक्टरांची गर्दी असण्याचं एक व्यवहारी कारणही आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट त्यांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागतात. तुम्हा-आम्हाला तसं काही लागत नाही. तेव्हा नुसत्या प्रमाणपत्रासाठी पैसे भरू नका. ते फाइलला लावण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

दुसरा प्रकार कायद्याचा. त्यात निकालांची चर्चा होते आणि ती सपोर्ट पर्सनला फार उपयोगी असते, कारण निकाल आपलं काम बदलतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्रण नुसतं जवळ बाळगण्याबद्दल निकाल दिला आणि त्याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणू नका असंही सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सपोर्ट पर्सनच्या नेमणुकीबद्दलच निर्देश दिले. हे व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमधून कळणं आणि रोज कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या तोंडून ऐकणं यांत फरक आहे, कारण तुम्ही लगेच विचारू शकता, ‘मग दिंडोशीच्या कोर्टात हे चालतं का?’

तिसरा प्रकार सरकारी. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं दुसऱ्या कार्यक्रमाला निघून जाणं, मग उरलेल्या वेळात तज्ज्ञांना दहा-दहा मिनिटं. इथे एकच गोष्ट मिळते: एखादी योजना प्रत्यक्षात कुणाच्या टेबलावर अडकलीय ते कळतं. आमंत्रण फुकट असेल आणि हाताशी दिवस असेल तर जा.

परदेशातल्या मोठ्या परिषदांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण इथल्या पत्रिकांवर त्यांची छाप असते. अमेरिकेत जानेवारीत सॅन दिएगोला आणि ऑगस्टमध्ये डॅलसला भरणाऱ्या परिषदा या क्षेत्रात नावाजलेल्या आहेत. अलाबामातल्या हंट्सव्हिलला १९८५ मध्ये सुरू झालेल्या बालकेंद्राचा नमुना त्या देशात सगळीकडे पसरला. त्याचं सूत्र साधं आहे: मुलाने एकाच ठिकाणी, प्रशिक्षित व्यक्तीला, एकदा सांगावं, पोलीस, वकील, समाजसेवक यांनी दुसऱ्या खोलीतून ते ऐकावं आणि त्याचं रेकॉर्डिंग व्हावं. ऐकताना आपल्याला हेवा वाटतो, आणि वाटायलाच हवा.

पण तो नमुना इथे जसाच्या तसा बसत नाही, हे सांगणारा वक्ता क्वचित भेटतो. आपल्याकडे पोलिसांनी घेतलेला जबाब वेगळा. मग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, ज्याला आपण जुन्या कलमावरून अजून ‘एकशे चौसष्टचा’ म्हणतो आणि जो जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली येतो. मध्ये डॉक्टर पुन्हा हकिकत विचारतात, समितीपुढे पुन्हा. आणि शेवटी विशेष न्यायालयात साक्ष आणि उलटतपासणी. रेकॉर्डिंग केलं म्हणून साक्ष टळत नाही. पोक्सोने या रचनेतच गादी घालायचा प्रयत्न केलाय: जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी, अंगावर गणवेश नको, मुलाला सोयीच्या जागी, कोर्टात वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी मुलाला विचारायचे, आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये. त्यामुळे परदेशी तज्ज्ञ बोलत असतील तेव्हा कान द्यायचा तो पद्धतीच्या बारकाव्यांकडे. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या एनआयसीएचडी प्रोटोकॉलमध्ये (मुलांना प्रश्न विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) ‘काय झालं ते मला सांग’ असा खुला प्रश्न आधी, आणि ‘त्याने हात लावला का?’ असा हो-नाहीचा प्रश्न अगदी शेवटी, गरज पडली तरच. हे आपल्या पीएसआय मॅडमना उद्यापासून वापरता येईल. तुम्हाला मात्र नाही! सपोर्ट पर्सनने घटनेची चौकशी करायची नसते. मुलाखतीच्या तंत्रावरच्या सत्राला जरूर बसा, पण परत येऊन ते मुलांवर वापरू नका. उद्या बचाव पक्ष ‘हिनेच पढवलं’ म्हणेल.

आणखी एक. बाहेरच्या परिषदांत हेळसांड, उपासमार, मारहाण, मानसिक छळ यांवर दिवसच्या दिवस चर्चा असते. आपल्याकडे पोक्सो आल्यापासून ‘बालशोषण’ म्हटलं की सगळे लैंगिक अत्याचारावरच बोलतात, कारण गुन्हा, कलम, निधी सगळं तिथे आहे. पण तुमच्या वस्तीत जी आई कामाला जाताना तीन वर्षांच्या मुलाला कुलूप लावून जाते, किंवा जो बाप दारू पिऊन पट्टा काढतो, त्या मुलांबद्दल तुमच्या परिषदेत एखादं तरी सत्र आहे का ते बघा. असेल तर मी त्या परिषदेला दोन गुण जास्त देईन.

आता तुमच्या वरिष्ठांच्या सूचनेकडे येते.

ती केस मांडू नका. कायदा काय म्हणतो ते आधी बघा, कारण वरिष्ठांना ‘मला बरं वाटत नाही’ यापेक्षा कलम सांगितलेलं पटतं. पोक्सोच्या कलम ३३ मध्ये मुलाच्या ओळखीत कुटुंब, शाळा, नातेवाईक, शेजार आणि ओळख पटवू शकेल अशी कुठलीही माहिती धरलेली आहे. कलम २३ माध्यमांना तेच सांगतं, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहेच. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नाव न छापता आडून ओळख पटेल अशी माहिती देण्यालाही मनाई केली. आणि सपोर्ट पर्सनवर तर २०२० च्या नियमांनी वेगळं, स्पष्ट बंधन घातलंय, की मुलाबद्दल हाती आलेली सगळी माहिती गोपनीय ठेवायची. ती मुलगी तुमच्याशी बोलली कारण बालकल्याण समितीने तिच्या आणि घरच्यांच्या संमतीने तुम्हाला नेमलं. ती संमती पेपरसाठी नव्हती.

वरिष्ठ म्हणतील, ‘नाव बदलू की.’ नाव बदलल्याने काही होत नाही. समजा तुम्ही लिहिलंत: पूर्व उपनगरातली अकरा वर्षांची मुलगी, महापालिका शाळा, वडील रिक्षा चालवतात, आरोपी शिकवणीवाला, शाळेच्या बाईंच्या लक्षात आलं. हॉलमध्ये त्या ठाण्याचे पोलीस, ती केस तपासलेले डॉक्टर, शेजारच्या संस्थेची मैत्रीण बसलेली असणार. तिसऱ्या ओळीला सगळ्यांना कळतं. मुंबई मोठी आहे, पण आपल्या कामाचं वर्तुळ दादरच्या एका हॉलमध्ये मावेल एवढं आहे. वर हल्ली प्रत्येक सत्र यूट्यूबवर जातं आणि प्रत्येक स्लाइडचा कुणीतरी फोटो काढतं. खटला चालू असेल तर बचावाच्या वकिलाला तुमची स्लाइड आयती मिळेल: ‘बाई, तुम्ही तर जाहीर सभेत सांगितलंत की मुलगी सुरुवातीला गोंधळलेली होती.’

मुलांनी काढलेली चित्रंही नकोत. स्लाइडवर काळ्या खडूने रेघोट्या मारलेलं घर दाखवलं की हॉल गप्प होतो, हे मी पाहिलंय. पण ते चित्र त्या मुलाचं आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त ते त्याच्या फाइलचा भाग आहे. तीच गोष्ट बालगृहातल्या मुलींना स्वागतनृत्यासाठी आणण्याची. ज्या परिषदेत ‘आमच्या रेस्क्यू केलेल्या मुली’ म्हणून कुणाला नाचवतात, तिथून मी उठून जाते आणि तुम्हीही जावं असं मला वाटतं. मोठेपणी स्वतःहून, तयारीने बोलायला येणारी व्यक्ती असेल तर गोष्ट वेगळी. तिला तासभर द्या, तिच्या अटींवर.

मग मांडायचं काय? तुमच्या कपाटातल्या फायलींमध्ये असं काहीतरी आहे जे प्राध्यापकांकडे नाही आणि पोलिसांकडेही एकत्र नाही: तारखा. पोक्सोच्या कलम ३५ प्रमाणे विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवायचा असतो. तुमच्या संस्थेच्या गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या केसेस घ्या आणि एकेका केससमोर लिहा: एफआयआर कधी, १८३ चा जबाब कधी, कोर्टाने दखल कधी घेतली, साक्ष कधी झाली. मूल साक्षीसाठी कोर्टाच्या दारापर्यंत येऊन साक्ष न होता किती वेळा परत गेलं? कारण काय होतं? आरोपीला जेलमधून आणलं नाही, बचावाचे वकील आले नाहीत, न्यायाधीश रजेवर, लॅबचा अहवाल आला नाही? आणि सर्वांत मोलाचा रकाना: त्या मुलाने आपली हकिकत एकूण किती जणांना सांगितली? कलम ३३ म्हणतं, मुलाला साक्षीसाठी वारंवार कोर्टात बोलावू नका. खरं काय घडतं ते तुमचा तक्ता सांगेल, आणि त्यात एकाही मुलीची गोष्ट उघडी पडणार नाही.

हे करताना थोडं पथ्य. संस्थेची लेखी परवानगी घ्या. परिषदेची किंवा एखाद्या महाविद्यालयाची नीतिसमिती असेल तर तिच्याकडून तपासून घ्या. वय, वॉर्ड, आरोपीचं नातं असे तुकडे पाडताना एखाद्या रकान्यात दोन-तीनच मुलं उरत असतील तर तो रकाना मोठ्या गटात मिसळून टाका, नाहीतर पुन्हा ओळख पटते. मुलं कमी असतील तर टक्केवारी काढू नका. सातपैकी चार असं सरळ लिहा. आणि ‘यावरून संपूर्ण मुंबईत असं आहे’ असं शेवटी लिहायचा मोह आवरा. एका संस्थेच्या फायलींतून जेवढं दिसतं तेवढंच लिहिलंत की कुणी तुमचं खोडू शकत नाही.

याच्याशी जोडून एक चेतावणी. परिषदेत तुम्हाला ‘भारतातली ५३ टक्के मुलं लैंगिक अत्याचाराला बळी पडतात’ ही स्लाइड हमखास दिसेल. हा आकडा केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासातला आहे. १३ राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात होती. काही घरी राहणारी, काही शाळेतली, काही कामावरची, रस्त्यावरची, संस्थांमधली. अत्याचाराची व्याख्याही व्यापक होती, गंभीर प्रकारांपासून इतर प्रकारांपर्यंत. त्या अभ्यासाने देशाला पहिल्यांदा बोलतं केलं, त्याचं मोल मोठंच आहे. पण कालच मोजल्यासारखा तो आकडा जो वक्ता भिरकावतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही जरा सावधपणे बघा. तसंच नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे अत्याचार वाढले असं लगेच म्हणणाऱ्यांचंही. नोंदणी वाढणं कधीकधी चांगली खूण असते.

इंग्रजीचं म्हणाल, तर व्यासपीठावरून बोलण्याऐवजी तुमच्या तक्त्याचं पोस्टर लावा. पोस्टर इंग्रजीत असलं तरी त्यावरचं बोलणं समोर उभ्या असलेल्या माणसाशी होतं आणि मुंबईत तो माणूस मराठी किंवा हिंदी समजणाराच असतो. ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे आयोजकांना आधी पाठवायचा सारांश, आधी मराठीत लिहा: काय पाहिलं, कुठल्या फायलींतून, काय आढळलं, त्याचा कोर्टात किंवा ठाण्यात काय उपयोग. चार परिच्छेद. मग कुणाकडून तरी इंग्रजी करून घ्या. मराठीत जो मुद्दा धड उतरत नाही तो इंग्रजीत गेला की चांगला दिसायला लागतो, म्हणून हा क्रम उलटा करू नका. प्रश्नोत्तरांत मराठीत प्रश्न विचारा. पोलीस आणि आशा सेविका मनातून तुमचे आभार मानतील.

प्रश्नोत्तरांवरून आठवलं. कुणीतरी उठतं आणि म्हणतं, ‘आमच्या सोसायटीत एक मुलगी आहे, तिचे काका…’ आणि सूत्रसंचालक ‘आपण यावर चहाला बोलू’ म्हणून पुढे जातात. पोक्सोचं कलम १९ कुठल्याही व्यक्तीला लागू आहे. गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडण्याची भीती असेल, तर पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. परिषदेचा हॉल त्यातून सुटलेला नाही. चांगले आयोजक अशा वेळी कुणाकडे जायचं ते सकाळीच सांगून ठेवतात. तुमच्या कानावर पडलं तर त्या व्यक्तीला गाठा, कळवण्यात मदत करा, १०९८ चा नंबर द्या. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या देवनारच्या टिसमधूनच (टाटा समाजविज्ञान संस्थेतूनच) सुरू झाली. आता ती सरकार चालवतं, पण नंबर तोच आहे.

पैशांचं. संस्थेच्या प्रकल्पात प्रशिक्षणाच्या खर्चाचं हेड असतं आणि मार्चअखेर ते बरेचदा अखर्चित असतं. हिशेब बघणाऱ्यांना विचारा, निम्म्याचे पूर्ण होऊ शकतात. आयोजकांना छोट्या संस्थांसाठीची सवलत मागा. पत्रिकेवर छापलेली नसली तरी मागणाऱ्याला मिळते. पोस्टर स्वीकारलं गेलं तर फी माफ होते का तेही विचारा. एकाच दिवसाची नोंदणी घेता येत असेल तर ज्या दिवशी कायद्याची आणि पोलिसांबरोबरची सत्रं आहेत तो दिवस घ्या. रजा टाकू नका, कामावर म्हणूनच जा. तसं पत्र आधी घ्या. आणि टिसमध्ये, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं दिलासा केंद्र उभं करण्यात वाटा असलेल्या सेहतसारख्या संस्थेत, कामाठीपुऱ्यातल्या मुलांबरोबर १९८६ पासून काम करणाऱ्या प्रेरणासारख्या संस्थेत वर्षभर लहान बैठका, प्रशिक्षणं होत असतात. तुमच्या बजेटला आणि गोवंडी स्टेशनला तीच जवळची. मोठी परिषद हुकली तर फार काही बुडत नाही.

तिथे गेल्यावर सलग सगळ्या सत्रांना बसू नका. दिवसभर अत्याचाराचे तपशील ऐकून माणूस आतून बधिर होतो, आणि आपल्या क्षेत्रात अनेकांच्या स्वतःच्या लहानपणीही काहीतरी असतं. उठून बाहेर या, कुणी विचारलं तर ‘फोन होता’ म्हणा. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सहकाऱ्यांना अर्ध्या तासात सांगा काय ऐकलंत, आणि ज्यांचे नंबर घेतलेत त्यांना आठवड्याभरात, कुठलीही केस नसताना, एकदा फोन करा. पहिला फोन अडचणीचाच असला की पुढचेही तसेच होतात.

वरिष्ठांना काय सांगायचं? ‘केस नाही मांडत, पण आपल्या सगळ्या केसेसच्या तारखांचं पोस्टर करते, संस्थेचं नाव त्यावर मोठ्या अक्षरात येईल.’ त्यांना नाव हवंय, ते मिळतंय. फायली चाळायला दोन दुपारी मागून घ्या.

आणि नोंदणी करण्याआधी कोर्टाची डायरी उघडून बघा. त्या दोन दिवसांत तुमच्या कुठल्या मुलाची साक्ष लागली असेल, तर नोंदणी सहकाऱ्याच्या नावावर करा आणि पोस्टर तिच्याबरोबर पाठवा. तारीख पुढे जाईल या भरवशावर राहू नका. नेमकं त्याच दिवशी आरोपीला वेळेवर आणतात.